टाकीतली शांत नाडी

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, तरी टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. सगळ्यांचे कान भिंतीवरच्या कर्ण्याकडे होते. दाबाखाली ऑक्सिजन भरलेल्या बंद टाकीत झोपलेल्या एका म्हाताऱ्याच्या हृदयाचे ठोके त्यातून येत होते. ठोके मंदावले तसे लोकांचे हात जोडले गेले.

"धावणारं हृदय कसं शांत झालं बघा," टाकीचे उपचार करणारे वायुमहाराज म्हणाले. "रोग गेला, गोळ्या सोडा. निरोगी माणसाला टाकी हातही लावत नाही. ती फक्त रोग ओळखते."

रांगेत सासऱ्यांसोबत उभ्या असलेल्या सुनेला राग आला नाही. तिचा नवरा याच टाकीतून हसत बाहेर आला होता, गोळ्या सोडून महिन्याभरात गेला होता. तेव्हापासून तिला काहीच वाटत नव्हतं, रडूही येत नव्हतं. आज या म्हाताऱ्यानंतर सासऱ्यांचा नंबर होता. हृदय त्यांचंही कमजोर, आणि गोळ्या कालपासून बंद.

"बाबा, आधी मी जाते," ती म्हणाली.

तिची थोरली बहीण डॉक्टर होती, सोबत आली होती. "हिचं हृदय ठणठणीत आहे, मीच तपासलंय," ती महाराजांना म्हणाली. "म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे टाकीत हिचे ठोके कमी व्हायला नकोत." एवढ्या लोकांसमोर महाराजांना नाही म्हणायची सोय नव्हती.

दार लागलं. दाब वाढला, कानांना दडे बसले. नवरा इथेच झोपला होता, हे तिला कळत होतं, पण टोचत नव्हतं. आत तिला आणि बाहेर कर्ण्यातून सगळ्यांना ऐकू येणारे तिचे ठोके हळूहळू मंदावले, अगदी त्या म्हाताऱ्यासारखेच.

ती बाहेर आली तेव्हा महाराज घाम पुसत होते. "हिला दुःखाचा रोग आहे."

"मग आता तुम्ही झोपा आत," बहीण म्हणाली. महाराज टाकीकडे फिरकले नाहीत. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"दाबाखाली रक्तात खूप ऑक्सिजन शिरला की रक्तवाहिन्या आकसतात," बहीण लोकांना सांगू लागली. "रक्तदाब वाढतो आणि ठोके आपोआप कमी होतात, कुणाचेही. नळीचं तोंड दाबून पंप चालवावा तसं. धडधाकट हृदय निभावून नेतं. कमजोर हृदयाची दमछाक होते, फुप्फुसांत पाणीही भरू शकतं. काही जखमांसाठी डॉक्टरही अशी टाकी वापरतात, पण आधी हृदय तपासून."

"माझा मुलगा हेच विचारत होता," सासरे म्हणाले, "ठोके कमी झाले म्हणजे बरं झालं कशावरून? मीच त्याला गप्प बसवलं."

सुनेने त्यांची समजूत घातली नाही. ती रांगेकडे वळली.

"त्याला उत्तर मिळालं नाही," ती म्हणाली. "तुम्ही अजून जिवंत आहात. विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत आत जाऊ नका."