सुईखालची बाही

मित्रांनो, मी कुरुळीतल्या एका दोन खोल्यांच्या घरातली जुनी, पायानं चालवायची शिलाई मशीन आहे. दोन वर्षं माझ्या सुईखाली एकच बाही अडकून होती. ती कोणी काढतही नव्हतं आणि पुरीही करत नव्हतं.

सरूबाईंनी मला आणलं ते लग्नानंतर थोड्याच दिवसांनी. नवरा कोंडीराम चाकणच्या कारखान्यात शिफ्टला गेले, की त्या माझ्यापुढे बसत. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, वस्तीतलं सगळं माझ्यावर शिवलं गेलं. "सरूबाईंची शिवण उसवत न्हाई," असं बाया म्हणत, तेव्हा मलाही अभिमान वाटे.

एका दुपारी कोंडीरामांच्या सदऱ्याला बाही जोडता जोडता सरूबाईंनी माझ्यावर डोकं टेकलं. मला वाटलं, दमल्या असतील. पण पायडलवरचा त्यांचा पाय हलेना. हळूहळू तो गार पडला.

मग माझ्यावर चादर पडली. हायवेवरून कंटेनर गेला, की घर थरथरे आणि माझं पायडल कुरकुरे. कोंडीराम लगेच वळून विचारत, "सरू, झालं का गं?"

खरं सांगते, मला भीती वाटायची. कधी कधी रस्ता सामसूम असे आणि तरीही पायडलवर कुणीतरी पाय ठेवल्यासारखं वाटे.

यंदा डिसेंबरात त्यांची नात मैत्री राहायला आली. ती आकुर्डीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिची मैत्रीण विजयश्री हिच्या चर्चमध्ये नाताळला मुलांना भेटी वाटणार होते. कागदी चिठ्ठ्या फाटतात, म्हणून प्रत्येक भेटीला नाव शिवलेली कापडी पट्टी बांधायची, असं दोघींनी ठरवलं. मैत्रीनं माझ्यावरची चादर उचलली.

"हात लावू नको!" कोंडीराम ओरडले.

"आबा, नुसती बाही बाजूला काढते."

"बाही पुरी न्हाई झाली म्हून सरू हितं हाय. पुरी झाली की जाईल."

मैत्रीनं वाद घातला नाही. चादर परत टाकली आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसून हातानंच शिवायला घेतलं. आजीच्या गाठोड्यातल्या चिंध्या कापायच्या, कडा दुमडायच्या, वर नाडी लावायची, मग रंगीत दोऱ्यानं नाव भरायचं. ड्यूटीवरून आली की ती हेच करी. कोंडीराम खाटेवरून बघत राहत.

एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "कुनाची पोरं ही?"

"कंपनीत कामाला आलेल्यांची, आबा. लांबून आलेत बिचारे. इथं त्यांना नावानं ओळखणारं कोणी नाही."

इतक्यात सुई बोटात गेली. पट्टीवरच्या नावावर रक्ताचा ठिपका उमटला. कोंडीराम झटकन उठले.

"पोराच्या नावाला रगत नको. ऊठ."

त्यांनी स्वतःच्या हातानं चादर ओढली. सुई गंजून कापडात रुतली होती. त्यांनी मला तेल पाजलं, पुष्कळ वेळ चाक मागेपुढे केलं. "पायडल तू मार. कापड मी धरतो." माझ्या पोटातल्या बॉबिनवर सरूबाईंनी भरलेलाच दोरा होता. त्या दोऱ्यानं, अडखळत अडखळत, बाही पुरी झाली.

कोंडीरामांनी सदरा गालाला लावला. आम्ही तिघंही कान देऊन थांबलो. बाहेरून एक कंटेनर गेला, घर थरथरलं. माझं पायडल गप्प राहिलं.

"गेली," कोंडीराम म्हणाले आणि हमसून हमसून रडले. मैत्री त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग डोळे पुसून तेच म्हणाले, "घे, आता तुझ्या पट्ट्या घे."

पुढच्या पट्ट्या माझ्यावर झाल्या. कापून द्यायचे कोंडीराम. नाताळच्या दिवशी विजयश्री केक घेऊन आली. "आबा, पोरं भेटी उघडायच्या सोडून पट्ट्याच एकमेकांना दाखवत होती," ती सांगत होती. कोंडीराम ऐकत ऐकत केक खात होते. पुष्कळ दिवसांनी कुणी त्यांना असं चवीनं खाताना पाहत होतं.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची एखादी वस्तू तुमच्याही घरात झाकून ठेवलेली असेल. तिला उजेडात आणा, तेल द्या, कामाला लावा. झाकून ठेवलेल्या वस्तूही घाबरतात. त्यांना हाक मारता येत नाही, एवढंच.