विश्वनाथची पणजी

कुसुमावती पुन्हा त्याच बेकरीसमोर येऊन थांबली आणि हातातली पिशवी तिने पायरीवर टेकवली.

"आता कुठी जायचं जी?"

"हे काय, इथूनच... चर्चच्या खालच्या अंगाले," भैयाजी म्हणाले आणि आले होते त्याच गल्लीत वळले.

नागपुरात सीताबर्डीवर कापडाच्या दुकानात उभा जन्म काढलेला हा माणूस लग्नाआधी दोन वर्षं पणजीच्या एका खाणावळीत कामाला होता. सोयरीक जमवताना तिच्या बापाला तसंच सांगितलं होतं. तेव्हापासून पणजी त्यांच्या घरात नांदत होती. पोरं ताटावर कुरकुरली की भैयाजी सोलकढीचा रंग सांगत, भल्या पहाटे येणाऱ्या पावाचा वास सांगत, नदीवरून येणारी बोट सांगत. सगळं गाव पायी हिंडायचं, म्हणत. डोळे बांधून सोडा, बरोबर पोचतो. मले दाखवा एकदा, असं ती कितीदा म्हणाली असेल. दरवेळी ते टाळत. या हिवाळ्यात मात्र त्यांनी आपणहून तिकिटं काढली. आणि सकाळपासून त्यांना एकही गल्ली ओळखू येत नव्हती.

विचारत विचारत खाणावळ सापडली. गल्ल्यावर पांढऱ्या केसांचा मालक बसला होता. कुसुमावतीचा जीव भांड्यात पडला. तीच पुढे झाली.

"यायले ओळखलं का दादा? तुमच्याच इथं होते कामाले."

मालकाने भैयाजींना नीट न्याहाळलं.

"नाही बाई. इथं आम्ही घरचेच राबतो. बाहेरचा माणूस कधी ठेवलाच नाही."

ती हसून नवऱ्याकडे वळली. ते हसत नव्हते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"विश्वनाथ तुमचा कोण?"

मालक उठून उभा राहिला.

"धाकटा भाऊ. नागपूरला रेल्वेच्या कॅन्टीनमध्ये होता. तिकडंच गेला. तुम्ही कोण?"

"मेडिकलमध्ये, टीबीच्या वॉर्डात, त्याच्या बाजूच्या खाटेवर होतो मी."

कुसुमावतीने टेबलाची कड धरली. नागपूर. मेडिकल. तिचं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. त्या खिडक्यांखालून ती मैत्रिणींबरोबर हसत खिदळत जायची.

"शेवटी फार त्रास झाला का त्याला?" मालकाने विचारलं.

"नाही. सकाळी झोपेतच गेला. आदल्या दिवशी तुमच्या आईच्या हातच्या कालवणाचं सांगून राहिला होता. रोज मले या गावातून फिरवून आणायचा. खाटेवरूनच."

मालक आत गेला, आणि बऱ्याच वेळाने स्वतःच दोन ताटं घेऊन बाहेर आला. त्याचे डोळे लाल झाले होते. भैयाजी खाली मान घालून जेवले. कुसुमावती त्यांच्या पेल्याकडे बघत राहिली. लग्न झाल्यापासून या माणसाने आपला पेला वेगळा ठेवला होता. तान्ह्या लेकरांच्या तोंडाजवळ कधी तोंड नेलं नव्हतं. तिने तो ताठा समजून किती रात्री भिंतीकडे तोंड करून काढल्या होत्या.

रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुझ्या बापानं पोरगी देली असती?"

"मंग? लग्न झाल्यावर?"

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. ती पुढे निघाली. समुद्राचा रस्ता तिने एका कोळणीला विचारला आणि मागे वळून न पाहता मिरामारपर्यंत चालत गेली.

वाळूत पोचल्यावर तिने पाहिलं. भैयाजी बरेच मागे, ओली वाळू सुरू होते तिथेच थांबले होते. एक लाट जरा पुढे आली तसे ते दचकून मागे सरले. लाटांत पोहल्याच्या गोष्टी सांगणारा हा माणूस तोंड उघडं टाकून पाण्याकडे बघत होता.

ती परत आली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. हात मात्र तिने पदराखालीच ठेवला.

त्यांनी विचारलं, "पोराइले काय सांगू आता?"

"पहिले पाहून तर घ्या नीट," ती म्हणाली.