बुटांना वळसा

‘भाऊजी, शेवटी हे घाबरले होते का, एवढंच कळवा.’

वहिनीचं हे पत्र आलं तेव्हा धाकट्याचे केस काळे होते. आता पार पिकले, तरी उत्तर गेलं नव्हतं. लिहिणार काय? थोरला भाऊ खाणीच्या ज्या बोगद्यात अडकला, तिथे विषारी वायू भरला होता. छताला टेकू लावणारा धाकटा बोगद्याच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरला, आणि मग खाणवाल्यांनी ते तोंडच बंद करून टाकलं.

आज ते पुन्हा उघडलं होतं. आत गेलं होतं एक चारपायी यंत्र, शेळीच्या करडाएवढं.

“चालवतंय कोण त्याला?” धाकट्याने विचारलं.

“कुणीच नाही, काका,” इंजिनिअर मुलगी म्हणाली. “पहिल्या वळणानंतर आपला सिग्नल पोचत नाही. पुढचं त्याचं तेच बघतं.”

“आणि परत नाही आलं तर?”

“तर साहेब मला आत पाठवतील!” ती हसली, पण नजर काळोखावरून हलली नाही.

बऱ्याच वेळाने खडखड ऐकू आली. चिखलाने माखलेलं, एक पाय ओढत ते बाहेर आलं. धाकट्याचे हात आपोआप जोडले गेले.

यंत्राने टिपलेलं सगळं मुलीने पडद्यावर लावलं. ढासळलेल्या दगडांशी ते थबकलं होतं. एक पाय टाकला, दगड डुगडुगला, पाय मागे. मग दुसरीकडून चाचपणी. दादाने धाकट्याला खाणीत अस्संच चालायला शिकवलं होतं. तो पडद्याजवळ सरकला.

आणि बूट दिसले. भिंतीलगत, जोडीने, टाचेला टाच लावून. शेजारी कोटाची घडी, उशीसारखी. यंत्र क्षणभर थांबलं आणि लांबून वळसा घालून गेलं.

“हे शिकवलंय त्याला?”

“वाटेत काही आलं तर धक्का लावू नकोस, एवढंच.” तिने चित्र थांबवलं. “पुढचं नका बघू, काका.”

“नको. पुरे एवढं.” तो डोळे पुसता पुसता हसला. “दादा घरी बूट कसे भिरकावायचा माहितेय? एक दारात, एक पलंगाखाली! वहिनी रोज डोकं धरायची.”

संध्याकाळी त्याने लिहिलं: ‘वहिनी, दादा घाबरला नव्हता. निजला होता. बूट काढून, नीट जोडीने ठेवले होते.’

पत्रपेटीच्या तोंडाशी हात जरा अडखळला. मग पाकीट आत पडल्याचा आवाज आला.