चौथ्या दिवसाची नोंद

उद्धवराव गेले त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास, ते चाकणच्या एका कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये चार परदेशी इंजिनिअरांना केळं सोलायला शिकवत होते.

"केळं आपल्या हातानं सोलायचं," ते इंग्रजीत सांगत होते. त्यांचं इंग्रजी तपासणीच्या शेऱ्यांसारखं तुटक होतं. "दुसऱ्यानं सोललेलं आलं, तर थँक्यू म्हणायचं. रिजेक्ट करायचं. माणूस वाईट नाही. केळं संशयित."

चौघांनी वहीत लिहून घेतलं : केळं संशयित.

त्यांची मुलगी विजयश्री मागच्या खुर्चीवर बसली होती. ती आकुर्डीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना असल्या वर्गांना गाडीतून नेणं-आणणं तिच्याकडे आलं होतं, आणि केळ्याचा हा धडा तिनं आतापर्यंत नऊ वेळा ऐकला होता.

अण्णा स्वतः कधी परदेशी गेले नव्हते. त्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. बार्शीहून पिंपरीत आलेला हा माणूस एकतीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग तपासत होता. मोजायचं, आणि हिरव्या, पिवळ्या नाहीतर लाल ट्रेमध्ये टाकायचं. निवृत्तीच्या वर्षी एका नव्या मशीनच्या उद्घाटनाला आलेला परदेशी पाहुणा रस्त्यावरची हिरवी चटणी खाऊन आडवा झाला आणि मशीन नऊ दिवस झाकून ठेवावं लागलं. त्या नऊ दिवसांत अण्णा अन्नाकडे सुटा भाग म्हणून बघायला लागले, ते कायमचेच. परक्या मुलखात बाहेर जेवताना पाळायचे बावीस नियम त्यांनी बसवले. वाफ निघत असेल तरच खा. बाटलीचं सील स्वतः तोडा. बर्फ म्हणजे वेश पालटलेलं पाणी. ज्या हॉटेलचा मालक घरून डबा आणतो, तिथे पाय ठेवू नका. बघता बघता चाकण-तळेगावच्या कंपन्या त्यांना बोलवायला लागल्या. मानधन म्हणून शाल आणि नारळ मिळायचा. शाल ते परत करायचे. नारळ ठेवून घ्यायचे, कारण तो सीलबंद येतो.

घरच्या फ्रिजमध्येही तीन ट्रे होते. हिरव्यात खायचं, लालमध्ये फेकायचं, पिवळ्यात निर्णय बाकी असलेलं. "एक्केचाळीस वर्षं झाली लग्नाला, मी अजून पिवळ्यातच आहे," असं विजयश्रीची आई, सुमनताई, आल्या-गेल्याला सांगायच्या.

"आता पुरावा," अण्णा म्हणाले. वर्गातला हा त्यांचा लाडका क्षण. त्यांनी एक लॅमिनेट केलेला कागद डोक्याच्या वर धरला. "फील्ड ट्रायल. व्हिएतनाम, हनोई शहर. सहा दिवस. बावीस नियम. एकशे बत्तीस नोंदी. सगळ्या ओके. ट्रायल घेणारी व्यक्ती मागे बसली आहे."

चौघं मागे वळले. एकानं टाळ्या वाजवल्या. विजयश्रीनं मान किंचित लववली आणि खिडकीबाहेर उभ्या कंटेनरचा नंबर वाचत बसली.

तो कागद खोटा होता.

तीन वर्षांपूर्वी ती ग्रंथपालांच्या एका परिषदेला हनोईला गेली, तेव्हा अण्णांनी तिच्या बॅगेत बावीस नियमांचा कोरा तक्ता घातला होता, दिवसाला एक रकाना. रोज संध्याकाळी भरून फोटो पाठवायचा. दोन दिवस तिनं इमानदारीत बिस्किटं, उकडलेली अंडी आणि स्वतः सोललेली केळी खाल्ली. तिसऱ्या संध्याकाळी फुटपाथवरच्या एका बाईनं तिच्यापुढे प्लास्टिकचं बुटकं स्टूल सरकवलं. ती बसली. पुढ्यात शेवयांचा वाडगा आला, वर मूठभर कच्चा पाला, आणि पेल्यात बर्फ घातलेला उसाचा रस. रसाला थेट पिंपरीच्या रसवंतीचा वास होता. वीस मिनिटांत तिनं सात नियम मोडले, आणि मोडताना मोजलेही.

चौथा दिवस तिनं हॉटेलच्या बाथरूमच्या फरशीवर काढला. संध्याकाळी अण्णांचा एका शब्दाचा मेसेज आला : "नोंद?" तिनं भिंतीला टेकून तक्ता गुडघ्यावर घेतला आणि बावीस वेळा ओके लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. "तिकडची पेनं बरी नसतात," अण्णा म्हणाले, आणि ती परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी सहाही दिवसांचा तक्ता लॅमिनेट करून आणला.

सुरुवातीला त्यांना घोर नको म्हणून तिनं सांगितलं नाही. मग कागद लॅमिनेट झाला. लॅमिनेट झालेल्या गोष्टीला खोटं म्हणायला फार मोठी छाती लागते. पुढे त्या कागदाच्या भरवशावर माणसं जेवायला लागली, तेव्हा तर तिची वाचाच बसली.

त्या शनिवारी परत येताना मोशीच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या. पुढचा ट्रेलर पंधरा मिनिटं हलला नाही. विजयश्रीनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"अण्णा, तुम्हाला एक सांगायचंय. व्हिएतनामच्या तक्त्याबद्दल."

"कलर झेरॉक्स संपल्या, तेच ना? माहितीये मला. सोमवारी काढू."

"हो," ती म्हणाली. "तेच."

रविवारी सकाळी चहा पिऊन अण्णा पेपर घेऊन खुर्चीत बसले आणि बसल्या जागी गेले. सुमनताईंना वाटलं, डोळा लागला. त्यांनी आधी रिकामा कप उचलून नेला.

संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कोणाच्या घरी असं झालं की शेजारपाजारचे डबे येतात. इथेही आले. पण ही अण्णांच्या तालमीतली बिल्डिंग होती. प्रत्येक डब्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती : पिठलं, गॅसवरून उतरवलं नऊ चाळीस, दोन तासांत संपवणे. तळमजल्यावरची कनीजचाची भाताचं पातेलं घेऊन आली आणि दारातच थबकली.

"तांदूळ आजच धुतले, पाणी उकळून घातलं, झाकण मी एकदाबी उघडलं नाही," ती रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "घे गं विजू. आता विचारणारं कोण नाही, तरी सांगितलं."

तिसऱ्या दिवशी ज्योतीराम आला. हा म्हाळुंग्याचा. पूर्वी अण्णांच्या हाताखाली होता, आता एका कोरियन कंपनीत लाइन सांभाळायचा. अण्णांच्या रिकाम्या खुर्चीसमोर तो जमिनीवर बसला. मग त्यानं खिशातून पेन काढलं आणि लग्नपत्रिकेच्या पाठीवर रकाने आखायला घेतले.

"वहिनी, साहेबांनी आमाला शिकवलंय. कायबी बिघडलं की पाच येळा 'का' इचारायचं. तवाच मूळ कारण घावतं." त्यानं लिहिलं. "साहेब का गेले? हृदय बंद पडलं. का पडलं? डाक्टर म्हणतो, झटका आला. का आला?"

"वय झालं होतं," विजयश्री म्हणाली.

"वय का झालं?"

"ज्योतीराम," सुमनताई म्हणाल्या, "त्या हृदयानं सदुसष्ट वर्षांत एकदासुद्धा सुट्टी घेतली नव्हती. लिही तिथे."

ज्योतीरामनं लिहिलं. पाचवा 'का' रिकामाच राहिला. पत्रिका त्यानं कडेला कड जुळवून घडी केली आणि खिशात घातली.

तेराव्याचं गोडाचं जेवण सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. एकशे चाळीस पानं. एका भिंतीशी टेबलावर अण्णांचा हार घातलेला फोटो. पंगत बसली होती, पुऱ्या वाढून झाल्या होत्या, तेवढ्यात ज्योतीरामबरोबर हानसाहेब आले. पांढरा शर्ट, काखेत फाइल, खिशात अन्नाची उष्णता मोजायची सळई.

हानसाहेब हे अण्णांच्या पहिल्या वर्गातले विद्यार्थी. कोरियाहून आलेले. चाकणमध्ये सव्वादोन वर्षं काढली, पण पोट म्हणून एकदा बिघडलं नाही. मराठी ते ज्योतीरामकडून लाइनवर शिकले होते, त्यामुळे त्यांच्या मराठीला म्हाळुंग्याची माती होती. त्यांनी फोटोपुढे कमरेत वाकून नमस्कार केला आणि सुमनताईंकडे वळले.

"लई वंगाळ झालं, आई."

सुमनताई तेरा दिवसांत पहिल्यांदा हसल्या आणि लगेच रडल्या.

मग हानसाहेब पंगतीत न बसता सरळ वरणाच्या पातेल्याकडे गेले आणि त्यात सळई बुडवली. पंगतीत अण्णांच्या जुन्या खात्यातले तीसेक जण होते. तेही पानावरून उठले आणि पातेल्याभोवती जमले.

"अठ्ठावन्न," ज्योतीरामनं वाचलं. "साठच्या खाली हाय. रिजेक्ट."

"अहो, तेराव्याच्या वरणात सळई कोण घालतं?" केटरर ओरडला. "वीस वर्षं झाली मला या धंद्यात!"

"पुन्हा तापवा," मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं. "आणि कोशिंबीर उचला. कापून तास झाला."

कोशिंबीर उचलली गेली. बाकीची माणसं ताटांपुढे हात बांधून बसली. कनीजचाची म्हणाली, "बघ, उद्धवभाई गेले असं वाटतंय का?"

वरण पंच्याहत्तरवर गेलं, तरी हानसाहेब बसेनात. त्यांनी फाइल उघडून एक छापील कागद विजयश्रीपुढे धरला.

"ताई, नियम अकरा. शंभराच्या वर पानं असली तर जेवायचं न्हाई. पण हे अण्णाचं जेवण हाय. न्हाई म्हणता येत न्हाई. परवा माझं कोरियाचं इमान हाय, तिकडं आईची सत्तरी हाय. आजारी पडून चालणार न्हाई." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "म्हणून परवानगी. तुमी सही करा."

विजयश्रीला हा कागद माहीत होता. कारखान्यात एखादा सुटा भाग मापात बसत नसला, पण वापरावाच लागणार असला, तर वरचा माणूस असल्या कागदावर सही करून जबाबदारी घेतो. हानसाहेबांनी तिन्ही रकाने टाइप करून आणले होते. कारण : गुरूंचं जेवण. पुरावा : व्हिएतनाम फील्ड ट्रायल, सहा दिवस, तक्रार शून्य. सही : उद्धवराव किंवा वारस. मागे त्या तक्त्याची कलर झेरॉक्स टाचलेली होती.

"नुसती सही," ज्योतीराम म्हणाला. "पेन हे घ्या."

तिनं पेन घेतलं. सही केली असती तर काही बिघडलंही नसतं. वरण गरम होतं, पुऱ्या डोळ्यांदेखत तळलेल्या होत्या, आणि हा माणूस परवा आईकडे धडधाकट पोचला असता. पण त्याची आई, त्याचं विमान आणि त्याचं पोट हे सगळं त्यानं चौथ्या दिवसाच्या त्या वाकड्या अक्षरांवर ठेवलं होतं, आणि तिच्याकडे तो अशा नजरेनं बघत होता, की जणू अण्णाच समोर उभे आहेत.

"मला सही करता येणार नाही," ती म्हणाली. "हा पुरावा खरा नाही. चौथ्या दिवशी मी आजारी होते."

भोवतीच्या तीस जणांनी एकदम झेरॉक्सकडे पाहिलं. खात्यात इतकी वाईट बातमी त्यांनी क्वचितच ऐकली असेल.

"किती नियम?" हानसाहेबांनी विचारलं.

"सात मोडले. आदल्या संध्याकाळी."

हानसाहेबांनी झेरॉक्सवरचा चौथा रकाना बोटानं वरपासून खालपर्यंत तपासला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट काहीतरी जुळल्यासारखं दिसत होतं. "सात मोडले, म्हणून आजारी," ते सावकाश म्हणाले. "मंजी नियम बरोबर हाय! अण्णा बरोबर हुतं! ताई, हा पुरावा त्याच्यापेक्षा चांगला हाय."

"च्यायला, व्हय की," ज्योतीराम पुटपुटला.

"पण नोंद चूक हाय. दुरुस्त करा." हानसाहेबांनी झेरॉक्स सुटी करून तिच्या हातात दिली. "खाडाखोड न्हाई. एक आडवी रेघ. वर खरं लिहायचं. मग ज्यानं तपासलं त्याच्याम्होरं मोठ्यानं वाचायचं. अण्णानंच शिकवलंय."

ज्यानं तपासलं तो भिंतीशी टेबलावर हार घालून होता. तीस माणसं बाजूला सरली आणि फोटोपर्यंत वाट झाली. विजयश्रीनं आईकडे पाहिलं. सुमनताईंनी नुसती मान हलवली.

ती फोटोपुढे उभी राहिली. टेबलावर कागद ठेवून तिनं तिसऱ्या दिवसाच्या सात नोंदींवर आणि चौथ्या रकान्यावर रेघ मारली, वर लिहिलं, आणि लिहिलेलं पुन्हा पहिल्यापासून तपासत बसली.

"ताई, जरा उरका," मागून ज्योतीराम दबक्या आवाजात म्हणाला. "वरण एकसष्टवर आलंय."

"अण्णा," ती म्हणाली. आवाज हॉलभर गेला. "दिवस तिसरा, संध्याकाळ. कच्चा पाला खाल्ला. बर्फ घातलेला रस प्यायले. हात धुतले नाहीत. पुढचे चार नियम लिहिलेत, ते तुम्हाला पाठ आहेत. दिवस चौथा. नॉट ओके. दिवसभर बाथरूममध्ये होते, फरशीवर. उठता येत नव्हतं." ती थांबली. कागदावर याच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं. "तुमचा मेसेज आला, तेव्हा फोन हातातच होता. पेन वाईट नव्हतं, अण्णा. माझा हात थरथरत होता. मला ओके लिहायचं नव्हतं. मला भीती वाटतेय, असं लिहायचं होतं. तुमच्याकडे पासपोर्ट नाही, तुम्हाला येता येणार नाही, हे माहीत होतं. तरी मला म्हणायचं होतं, की अण्णा, तुम्ही या. तुम्ही या ना."