हेडलाइटची चांदी

त्या रविवारी सकाळी माझ्या भाताच्या पातेल्यात गाडीचा हेडलाइट शिजत होता.

खोटं नाही सांगत. स्टोवर मोठं पातेलं, त्यात उकळतं पाणी आणि पाण्यात फियाटचा गोल हेडलाइट. दुसरा ओट्यावर, आपली पाळी येण्याची वाट बघत. आणि स्टोसमोर उकिडवा बसलेला आमचा नवरा, धोंडिबा, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, पण सांगताना नाही करणार. त्या दिवसाचं सांगताना तर मुळीच नाही.

आम्ही तेव्हा खोपटला राहायचो, एसटी डेपोच्या मागच्या चाळीत, वरच्या मजल्यावर. साल अठ्ठ्याऐंशी. धोंडिबाची स्वतःची पांढरी फियाट होती आणि लग्नाची, दवाखान्याची, गावाकडची भाडी तो मारायचा. त्याच्या गाडीत बसलेली म्हातारी माणसं झोपून जायची, इतकी सरळ गाडी चालवायचा. दिवसा.

गॅरेजवाल्यानं त्याला सांगितलेलं की हेडलाइट सीलबंद असतो, पुढची काच आणि आतली चकचकीत वाटी कारखान्यातच चिकटवतात, ते घरी उघडायचं काम नाही. आमच्या नवऱ्याला कोणी नको म्हटलं की त्याचे हात शिवशिवायला लागतात. गरम पाण्यात ठेवलं की कडेचा डिंक मऊ पडतो, हे त्यानं कुठून तरी ऐकलेलं. मग काच काढायची, आतली वाटी साफ करायची, मागून मोठा बल्ब बसवायचा आणि कडेनं लांबीचा लगदा भरून परत बंद करायचं. की संध्याकाळी रस्ता दिवसासारखा दिसणार. हे सगळं तो मला आठ दिवस ऐकवत होता.

"लाइट मंद झालेत, रंभे. आतली चांदी उतरलीय."

चांदी कसली उतरते! थंडीच्या सुरुवातीला आम्ही डोंबिवलीहून परत येत होतो, मी पुढं बसलेले. दिवस नुकता बुडालेला. शिळफाट्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेनं एक हातगाडी चाललेली. त्याच मंद म्हणतो त्या लाइटमध्ये मला हातगाडीवाल्याची फाटकी गंजी दिसली, गाडीवरचे लाल भोपळे दिसले, ते मला मोजून सांगता आले असते. आणि आमचा नवरा सरळ त्याच्यावर गाडी घालत होता. मी किंचाळले तेव्हा त्याचा पाय ब्रेकवर गेला. हातगाडीवाल्यानं आमच्या सात पिढ्या काढल्या. धोंडिबानं गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, लाइट मंद झालेत.

त्यानंतर मी त्याच्यावर नजर ठेवली. अंधार पडला की तो जिन्याचा कठडा धरूनच उतरायचा. गॅलरीतून घरात येताना उंबऱ्याला पाय लावून बघायचा. कंदिलाच्या उजेडात ताटातली चटणी भाजी समजून खायचा आणि तिखट लागली की माझ्यावर ओरडायचा. मी त्याला ओढून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तर नंबर पुकारल्यावर हा बाकावरून उठून घरी. संध्याकाळची भाडी मी काही ना काही काढून मोडत होते. कधी पोट दुखलं, कधी माहेरचं कोणी आजारी पडलं. माझी निम्मी माहेरची माणसं मी त्या थंडीत आजारी पाडली.

पण त्या रविवारचं भाडं मोडता येण्यासारखं नव्हतं. खालच्या खोलीतल्या काळुरामच्या पोरीचं, नंदाचं लग्न होतं. काळुराम डेपोत मेकॅनिक, धोंडिबाचा पंचवीस वर्षांचा मित्र. नंदाला मी अंगाखांद्यावर खेळवलेली. चारला मंगल परिणय, मग जेवणं, आणि नवरा-नवरीला घेऊन धोंडिबानं मुरबाडच्या पुढं तिच्या सासरी जायचं. जानेवारीत निघायला सात म्हणजे काळोख. कल्याण सोडून शहाडचा पूल ओलांडला की त्या रस्त्यावर दिव्याचा खांब नाही. समोरून ट्रक, कडेला बैलगाड्या, आणि मागच्या सीटवर ती पोर.

काळुरामला सांगून टाकायचं, असं कोणीही म्हणेल. मला सुचलं नसेल का? जिन्यापर्यंत दोनदा जाऊन परत आले. ड्रायव्हरचे डोळे गेले, एवढंच लोकांच्या कानात शिरतं. दिवसा दिसतं की रात्री, कोण विचारत बसतो? दुपारच्या चारपर्यंत सगळ्या स्टँडला कळलं असतं आणि दुसऱ्या दिवसापासून दिवसाचं भाडंसुद्धा कोणी दिलं नसतं. स्टिअरिंग हातातून गेलं तर हा माणूस जगला नसता, हे मला माहीत होतं. जगला असता तरी मला जगू दिलं नसतं.

तर पातेल्यातला हेडलाइट त्यानं फडक्यात धरून बाहेर काढला, कडेनं स्क्रूड्रायव्हर फिरवला आणि टक् करून काच सुटी झाली. मग दुसऱ्याची. दोन्ही वाट्या त्यानं वर्तमानपत्रावर मांडल्या. लख्ख होत्या. एक डाग नव्हता कशावर. मी त्यात माझं तोंड बघितलं, अगदी नाकावरच्या देवीच्या वणासकट.

"हात लावू नको," तो खेकसला. "बोट लागलं तरी चांदी जाते. नवीन मिळायचा नाय आज, रविवार आहे."

"चांदी तर आहे तशी आहे," मी म्हटलं.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला दिसतं. तुम्हाला दिसत नाही."

मी म्हटलं, आता बोललेच आहे तर होऊन जाऊ दे.

"लाइटला काही झालेलं नाही. डोळे गेलेत तुमचे. अंधारात तुम्हाला काही दिसत नाही आणि तुम्ही नंदाला घेऊन मुरबाडला निघालात. लाज वाटत नाही?"

तो उठला. रागानं त्याचे कान लाल झालेले. हात उचलेल असं वाटलं, पण त्यानं बोट उगारलं फक्त. "माझ्या डोळ्यांचं नाव काढायचं नाय. तीस वर्षं गाडी चालवतोय. आजपर्यंत कुत्रं मेलं नाय माझ्या गाडीखाली. तू कोण मला सांगणारी? गाडीतलं ब्रेक कुठला नि क्लच कुठला तेवढं तरी सांगता येतं? मोठी आली डॉक्टरीण! भांडी पडलीत मोरीत, ती घास."

आणि काचा पुसायला घेऊन गॅलरीत गेला.

माझं डोकं फिरलं. बरं, भांडी घासायची ना? मी मोरीत बसले. बंबाखालची राख ओंजळभर घेतली, काथ्या घेतला, आणि वर्तमानपत्रावरची एक वाटी उचलून मांडीत घेतली. पितळेचा हंडा घासते तशी जोर लावून घासली. तीन हात फिरवले आणि चांदी राखेत उतरली. खाली काळपट पत्रा. इतकी वर्षं मिरवणारी ती चांदी एवढीशीच होती, हे बघून मला आणखी चेव आला.

मान वर केली तर तो दारात उभा.

किती वेळ उभा होता कोण जाणे. मी काथ्या खाली ठेवला नाही. "मारा," मी म्हटलं, "पण गाडी आज जाणार नाही."

तो आत आला. माझ्या हातातून वाटी घेतली, खिडकीकडे नेली, उजेडात फिरवून बघितली. पत्र्यात काहीच दिसत नव्हतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "एका लाइटवरपण जाते गाडी."

खरं होतं ते. एका हेडलाइटवर तेव्हा अर्धं ठाणं फिरायचं. माझा सगळा जीव गेला. मी त्याला एक शिवी दिली, लग्नाला सव्वीस वर्षं झाली त्यात पहिल्यांदा, तोंडावर आणि अरे-तुरेमध्ये. तो मोरीच्या कठड्यावर बसला, ती काळी वाटी गुडघ्यावर धरून.

"अजून कोणाला ठाव आहे?" त्यानं हळूच विचारलं.

"कोणाला नाही."

"काळ्याला?"

"नाही सांगितलं. सांगायला पाहिजे होतं."

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि काळुरामची हाक आली. "धोंडिबा! अरे हारवाला आलाय, गाडी सजवायला कधी देतोस?"

धोंडिबानं दाराकडे बघितलं, मग वर्तमानपत्राकडे. तिथं दुसरी वाटी होती, लख्ख, त्याच्या पायापाशी. मला वाटलं आता उचलणार आणि छातीशी धरणार. मी झेप घेणारच होते. त्यानं पायानं ती वाटी माझ्याकडे सरकवली.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"घास ना," तो दातांतल्या दातांत म्हणाला, आणि पुढच्या क्षणाला असा ओरडला की शेजारची हौसाबाई धावत गॅलरीत आली. "अगं बये! काय केलंस हे! अक्कल गहाण टाकलीस का? भांडं आहे का ते तुझ्या बापाचं? दोन्ही! दोन्ही लाइट घासून टाकले हिनं!"

मी घासत होते. राख संपली तेव्हा नुसत्या काथ्यानं घासलं. तो ओरडत होता, माझ्या आईपासून आजीपर्यंत कोणाला त्यानं सोडलं नाही. शिव्या काही नाटकाच्या नव्हत्या. मला तेवढं कळतं. तीस वर्षांचं स्टिअरिंग सुटल्याचा सगळा राग तो माझ्यावर काढत होता, आणि मी तो घेत होते, कारण दुसरं कोण घेणार?

काळुराम दारात येऊन उभा राहिला. नवं धोतर, कपाळावर घाम. "वैनी, हे काय केलंत तुम्ही?"

"पातेल्यात होतं ना, भावजी," मी म्हटलं. "काळं दिसलं. म्हटलं घासून काढावं."

हौसाबाईनं तोंडाला पदर लावला. हसत होती सटवी. काळुरामनं माझ्याकडे बघितलं, वेड्या माणसाकडे बघतात तसं, आणि मग मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. आता तिला मारून काय होणार? दगडूची अँबॅसेडर रिकामी आहे, त्याला सांगतो. तू बस आमच्याबरोबर गाडीत. पोरीला सोडायला यायचंस हां."

"येतो," धोंडिबा म्हणाला.

काळुरामच्या चपला जिना उतरून गेल्या, हौसाबाई सगळ्यांना सांगायला पळाली. खाली बायका हसल्याचं मला वर ऐकू आलं. मी तशीच मोरीत बसून होते, कोपरापर्यंत राख, डोळ्यांतून पाणी. पुसायला हात स्वच्छ नव्हता.

धोंडिबा माझ्यासमोर खाली बसला. माझ्या मांडीतली वाटी त्यानं जरा स्वतःकडे वळवली आणि वाकून बघितली.

"कडेला राहिलंय," तो म्हणाला.

मी ते पण घासलं.