साडेसतरा हजार, हातात

दिग्विजयनं आरशासमोर उभं राहून कंपनीचा निळा पट्टा गळ्यात अडकवला, ओळखपत्र शर्टाच्या मधोमध येईल असं सरळ केलं, आणि तेवढ्यात मागून वडिलांचा, महिपतीचा आवाज आला.

"आज रविवार हाय."

"माहितीय, अण्णा."

"मग ते दावं काढ गळ्यातलं."

"मामा म्हणाले घाल म्हणून."

मामा म्हणजे आप्पासाहेब, आई मुक्ताबाईचे थोरले भाऊ आणि या सोयरिकीतले मध्यस्थ. सोफ्यावर बसून ते मोबाइलवर पाहुणे कुठवर आलेत ते बघत होते. मान वर न करताच म्हणाले, "राहू द्या हो दाजी. मुलगा नोकरीला हाय हे लांबनंच दिसलं पाहिजे."

महिपतीनं कपाळावर हात मारून घेतला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोफ्याजवळ, पोरगं गळ्यात पट्टा घालून उभं. काय दिवस आलेत.

पुण्याजवळच्या मांजरी गावात महिपतीची चार मजली इमारत होती. बेचाळीस खोल्या, एकही रिकामी नाही. महिन्याला चार लाखांच्या आसपास भाडं यायचं आणि डोक्यावर एका रुपयाचं कर्ज नव्हतं. एवढं असून दोन वर्षांत तीन स्थळं हातची गेली होती. पहिल्यांनी विचारलं, मुलगा काय करतो? महिपती म्हणाला, घरचं बघतो. त्यांनी चहा घेतला आणि उठले. दुसऱ्यांनी चहासुद्धा अर्धाच घेतला. तिसऱ्या मुलीनं तर तोंडावर सांगितलं, बापाच्या भाड्यावर बसून खाणारा नवरा मला नको. आता या मुलींना म्हणायचं तरी काय? साठ हजार पगारातले पस्तीस हजार फ्लॅटच्या हप्त्यात घालून महिनाअखेरीस मित्राकडे हात पसरणारा मुलगा यांना चालतो, आणि ज्याच्या घरात चार लाख चालत येतात तो चालत नाही. दिग्विजयला एकतिसावं सरत आलं होतं. मुक्ताबाईनं देवाला सोमवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन वार वाटून दिले होते.

शेवटी आप्पासाहेबांनीच ओळखीच्या ठेकेदाराला सांगून भाच्याला हडपसरच्या एका आयटी कंपनीत चिकटवलं. काम आयटीचं नव्हतं. इमारतीच्या दाराशी टेबल होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांना पास द्यायचे, एसी बिघडला तर माणूस बोलवायचा, खुर्ची मोडली तर लिहून घ्यायचं. बायोडाटात मात्र आप्पासाहेबांनी लिहिलं, 'आयटी कंपनी, हडपसर'. खोटं काय आहे त्यात, असं वर विचारलं.

पहिल्या दिवशी दिग्विजय घरची मोठी गाडी घेऊन कामाला गेला. संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला की सुपरवायझर स्कूटरवर येतो, तेव्हा मुलाला सांगा, गाडी जरा नजरेआड लावत जा. तेव्हापासून तो गाडी मॉलमध्ये लावायचा, पार्किंगचे पैसे भरायचा आणि दहा मिनिटं चालत कामावर जायचा. डिझेल आणि पार्किंग मिळून पगारातले नऊ-दहा हजार उडायचे. नोकरी करायला नोकरीतले निम्मे पैसे घालणारा अख्ख्या पुण्यात हा एकच असेल, असं महिपती जेवताना ऐकवायचा. लग्न ठरलं की सोडायची, असं ठरलेलं होतं. पण आठ महिन्यांत पोरगा एकदाही उशिरा गेला नव्हता, आणि महिपतीला खरं तर तेच जास्त खटकत होतं.

"आले," आप्पासाहेब उठत म्हणाले. "दाजी, पगाराचा विषय निघाला तर माझ्यावर सोडा. आणि दिग्या, तू कमी बोल."

लहानशा गाडीतून सीताराम गुरुजी आणि त्यांची मुलगी प्रियदर्शनी उतरली. गुरुजी लोणी काळभोरचे, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मुलगी खराडीला कामाला होती, खरोखरच्या कॉम्प्युटरच्या कामाला, आणि तिला पंच्याऐंशी हजार मिळतात हे आप्पासाहेबांनी तीन ठिकाणी विचारून पक्कं केलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी मुलगी बघून झाली होती. आज ते घर बघायला आले होते. मुलीनं स्वतः घर बघायला यायचं ही पद्धत महिपतीला नवीन होती, पण चौथं स्थळ होतं. त्यानं चालवून घेतलं.

चहा झाला. सुरळीच्या वड्या झाल्या. आप्पासाहेबांनी पडदा सारून समोरची इमारत दाखवली.

"हे सगळं आपलंच बरं का, गुरुजी. बेचाळीस खोल्या."

"पाहिलं," गुरुजी म्हणाले. "गेटवर पाटी आहे. 'फक्त नोकरदारांना'. अक्षर चांगलं आहे."

ही स्तुती की टोमणा, ते महिपतीला कळेना.

प्रियदर्शनीनं कप खाली ठेवला आणि सरळ दिग्विजयकडे बघितलं. "तुम्हाला पगार किती आहे?"

"पगाराचं काय एवढं, मॅडम," आप्पासाहेब हसत पुढे सरकले, "तो आपला हौसेसाठी—"

"मामा, मी यांना विचारलं."

"साडेसतरा हजार," दिग्विजय म्हणाला. "हातात."

आप्पासाहेबांनी छताकडे बघितलं. महिपतीनं पोराकडे डोळे वटारले. अरे, ऐंशी म्हटला असतास तर जीभ झडली असती का? कोण तुझी पगाराची स्लिप मागायला येणार होतं? मुक्ताबाई उगीचच रिकाम्या ताटल्या एकात एक घालायला लागली.

"तसं न्हाई गुरुजी," महिपती घाईनं म्हणाला. "घरात चार लाख येतात महिन्याला."

"ते तुमचे," गुरुजी म्हणाले. "यांचे साडेसतरा."

"भागतं त्यात?" प्रियदर्शनीनं विचारलं. चेष्टेचा सूर नव्हता. माहिती हवी असावी तसं तिनं विचारलं.

दिग्विजयनं गळ्यातला पट्टा सरळ केला. "माझं भागायचा प्रश्नच येत नाही. जेवण आईच्या हातचं, घर अण्णांचं. माझ्या शेजारच्या टेबलावर राजस बसतो, वाशिमचा. त्यालाही तेवढाच पगार आहे. त्याचं नाही भागत."

"मग त्याचं सांगा."

"खोलीला नऊ हजार. मेसला साडेतीन. रविवारी रात्री मेस बंद असते. बसच्या पासाला दीड. घरी तीन पाठवतो. राहिले पाचशे. त्यात मोबाइल, साबण, ताप आला तर गोळी. मागच्या महिन्यात त्याची दाढ दुखत होती. वाचवायची तर सहा हजार लागतील म्हणाले डॉक्टर, काढायची तर सहाशे. काढून टाकली."

पोरगं आठ महिन्यांत एवढं सलग कधी बोललं नव्हतं.

"एका खोलीला नऊ हजार?" गुरुजी म्हणाले. "कुठे आहे ही खोली?"

"आमचीच. तिसरा मजला, एकवीस नंबर. गेल्या महिन्यापर्यंत आठ हजार दोनशे होती."

महिपतीचे कान तापले. "वाढ सगळेच करतात, गुरुजी. अकरा महिन्यांचा करार असतो. शेजारच्या गल्लीत जाऊन विचारा, साडेनऊच्या खाली मिळणार न्हाई. आणि आमच्याकडं पाणी चोवीस तास हाय."

"मी कुठे काय म्हणालो?" गुरुजी म्हणाले.

हेच तर. ही शाळामास्तर माणसं काही म्हणतच नाहीत, नुसती बघतात. म्हणाली असती तर महिपतीनं उत्तर तरी दिलं असतं.

"आम्ही घर बघायलाच आलोय," प्रियदर्शनी उठली. "ती खोली बघता येईल?"

आप्पासाहेबांनी दाजींकडे बघितलं, दाजींनी मेहुण्याकडे. नाही म्हणायला कारण सापडेना. सगळी वरात समोरच्या इमारतीचा जिना चढली. खोल्यांचं भाडं वसूल करायला एक माणूस ठेवलेला होता, त्यामुळे फरशी बसवल्यापासून महिपती तिसऱ्या मजल्यावर आला नव्हता. मधल्या अंधाऱ्या बोळात ओळीनं चपला होत्या आणि टोकाला दोन संडासांपुढे तीन माणसं बादल्या घेऊन उभी होती. महिपती भराभर पुढे गेला.

राजस बनियनवर होता, पंख्याखाली दोरी बांधून ओले कपडे वाळत घालत होता. मालकाला दारात बघून त्याच्या हातातला शर्ट तसाच राहिला.

"मालक, भाडं तं एक तारखेलेच देल्लं ना मी."

"तसं न्हाई रे," महिपती म्हणाला. "पाहुणे आलेत. घर बघायला."

बोलून झाल्यावर ते त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं. राजसला काही समजलं नाही, पण त्यानं बादली पायानं कोपऱ्यात सरकवली, गादीवरचे कपडे उचलले आणि म्हणाला, "या ना, बसा. च्या ठेवतो."

"नको, आत्ताच झाला," मुक्ताबाई म्हणाली.

"ठेवा," प्रियदर्शनी म्हणाली.

गुरुजी गादीवर टेकले. बाकीच्यांना टेकायला जागा नव्हती. राजसनं गॅस पेटवला आणि दिग्विजयनं त्याला न विचारता खिडकीतल्या डब्यांपैकी मागचा डबा काढून साखर पुढे केली. कुठल्या डब्यात साखर आहे ते त्याला ठाऊक होतं. महिपती ते बघत दारातच उभा राहिला. पोरगं कितीदा येतं इथं? आणि कधी? चार कप पुरले नाहीत म्हणून राजसनं स्वतःचा चहा पातेल्यातच ठेवला.

खाली आल्यावर, गाडीपाशी, प्रियदर्शनीनं विषय फार ताणला नाही.

"मला चालेल," ती म्हणाली. "पण आम्ही आमच्या दोघांच्या पगारात राहणार. खराडीला, भाड्यानं."

"भाड्यानं?" महिपतीचा आवाज चढला. "बेचाळीस खोल्यांच्या मालकाचा पोरगा भाड्यानं राहणार? लोक शेण घालतील तोंडात. अगं बाई, वरचा सगळा मजला रिकामा करून देतो तुम्हाला."

"तो रिकामा करायला कुणाकुणाला काढावं लागेल, ते आत्ताच बघितलं ना," ती म्हणाली. "आणि काका, खरं सांगायचं तर पगार ऐकून मी नाहीच म्हणणार होते. त्यांनी तो खरा सांगितला, म्हणून वर गेले."

"दिग्विजय, तू काय म्हणतोस?" आप्पासाहेबांनी सुटकेसाठी भाच्याकडे बघितलं.

"चालेल मला," दिग्विजय म्हणाला. विचार केल्यासारखं तरी दाखवायचं, तेवढीही तसदी त्यानं घेतली नाही.

महिपतीनं हात टेकले. नाही म्हणावं तर पाचवं स्थळ कुठून आणायचं? मुक्ताबाईनं तर तेवढ्यात पुढे होऊन मुलीच्या हातात नारळ ठेवलासुद्धा.

साखरपुड्याची तारीख निघाली, तशी खराडीत घर बघायची घाई सुरू झाली. मुलांनी आपली आपण चार-पाच घरं बघितली होती, पण सांगितलेलं भाडं महिपतीच्या गळी उतरेना. शेवटी तोच मध्ये पडला. खराडीचे रावसाहेब त्याच्या ओळखीचे होते. त्यांच्याही जमिनीवर इमारत उभी होती, महिपतीच्या दुप्पट. दोघं एकाच वर्षी बांधकामाला लागले होते, सिमेंटही एकाच दुकानातून उचललं होतं. आपला माणूस, म्हणून दुपारी जेवणं झाल्यावर महिपतीनं त्यांना फोन लावला. शेजारी मुक्ताबाई मेथी निवडत बसली होती.

"एक हॉल, एक बेडरूम हाय का बघा, रावसाहेब?"

"हाय की. अठ्ठावीस हजार. डिपॉझिट एक लाख."

"अठ्ठावीस?" महिपती ताडकन सरळ बसला. "दोन खोल्यांना अठ्ठावीस? काय सोनं लावलंय का भिंतींना?"

"रेट तोच हाय इकडं. आणि अकरा महिन्यांनी दहा टक्के वाढ."

"वाढ कशाबद्दल? खोल्या काय मोठ्या होणार हायत का अकरा महिन्यांत?"

रावसाहेब हसले. "महिपती, हे तुम्ही विचारताय होय?"

"चेष्टा न्हाई, रावसाहेब. पोरांची नड हाय. तेवीस करा."

"तेवीसला न्हाई जमायचं. उद्या सकाळी दुसरी पार्टी येतीय बघायला. अठ्ठावीस रोख मोजायला तयार हाय."

महिपतीचा पारा चढला. असली माणसं त्याला पहिल्यापासून आवडत नसत. समोरच्याची अडचण दिसते, तरी तोंड उघडून भाव सांगत बसतात.

"अहो, जरा माणुसकीनं बघा की," तो म्हणाला. "तुमचं काय जातंय पाच हजारांनी? इमारत बांधून मोकळे झालात, दर महिन्याला घरबसल्या येतंय. इकडं पोरगं सकाळी आठला जातं, रात्री आठला येतं, दिवसभर राबतं, आणि हातात येतात साडेसतरा हजार. त्यात भाडं द्यायचं कुठून आणि खायचं काय माणसानं?"

मेथी निवडणारा मुक्ताबाईचा हात थांबला. तिनं मान वर केली नाही.

पलीकडून रावसाहेब हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या बेचाळीसजणांना किती पगार हाय, महिपती?"

महिपतीनं फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"हॅलो? महिपती? ऐकू येतंय ना?"

"येतंय," महिपती म्हणाला.