लॉकर उघडायचा नाही

"आबा, उघडू नका ना," असं म्हणत रजत लॉकरच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

वामनरावांच्या एका हातात चमकीच्या कागदाची गुंडाळी होती आणि दुसऱ्या हातात डिंकाची बाटली. सून सोनिका सकाळी कामावर जाताना दोन्ही वस्तू त्यांच्या हातात कोंबून गेली होती. "बाबा, जरा चांगलं करा, मागच्या स्पर्धेत आपलाच पोरगा मागं राहिला होता," असंही बजावून गेली होती. मुलगा दुर्गेश पहाटेच कामानिमित्त अमरावतीला गेला होता. म्हणून शाळेत आईबापांच्या जागी आजोबा.

"काहून गा? न उघडता कागद कसा चिकटवू?"

रजतनं आजूबाजूला पाहिलं. नऊ वर्षांचं पोर, पण चेहरा पार उतरलेला. "काल झालं," तो हळूच म्हणाला. "पिशवी आतच हाय."



ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. जुलैपासून शाळेत रजतची पँट ओली होत होती. रोज नाही, महिन्यातून दोन-तीनदा. शाळेच्या बाथरूमच्या दाराला आतून कडी नव्हती, मोठी पोरं दार ढकलून हसायची. म्हणून हा धरून धरून बसायचा आणि शेवटी धरवायचं नाही. वामनराव एकदा स्वतः ऑफिसात जाऊन कडीचं सांगून आले होते. तिथल्या बाईंनी "नोट केलंय हं अंकल" म्हणून गोड हसून त्यांना वाटेला लावलं. घरी सांगायची सोय नव्हती. दुर्गेशचा हात चटकन उठायचा आणि सोनिकानं काळजीपोटी सगळ्या नातेवाइकांना फोन करून उपाय विचारले असते. त्यापेक्षा आबा ती पँट गुपचूप धुवायचे आणि गच्चीवर टाकीच्या मागं वाळत घालायचे.

दिवाळीनंतर शाळेत पोरांसाठी बिनकुलपाचे लॉकर आले, तेव्हा तोड वामनरावांनीच काढली. एक जास्तीची पँट आणि चड्डी लॉकरात ठेवायची. तसं झालंच, तर बदलायची, ओली पिशवीत घालून गाठ मारायची आणि सुटल्यावर घरी आणायची.

"कोनी उघडलं तं?" रजतनं तेव्हाच विचारलं होतं.

"लॉकर हाय बाबू तो. दुसऱ्याचा लॉकर कोनी उघडते का?"

हे ते अगदी छातीठोकपणे बोलले होते. कोराडीच्या वीजकेंद्रात, राखेच्या प्लांटवर, त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. तिथं कपडे बदलायच्या खोलीत लोखंडी लॉकरांची रांग होती. माणसं एकमेकांच्या डब्यात हात घालायची, एकमेकांच्या चपला घालून जायची, आईमाईवरून शिव्या द्यायची, पण दुसऱ्याच्या लॉकरला बोट लावायची नाहीत. त्यांचा जोडीदार ताराचंद सुट्टीत रामटेकला घरी गेला आणि तिकडेच वारला. साहेबांचा माणूस कुलूप तोडायला आला, तर सगळी शिफ्ट आडवी आली. पाचव्या दिवशी ताराचंदची बायको आली, तिनं किल्ली लावली, आणि ती सामान काढत होती तोवर दहा-बारा गडी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आत काय होतं ते वामनरावांना आजही माहीत नाही. लॉकर म्हणजे काय, हे त्यांना असं कळलं होतं. बेसा वस्तीतल्या या चकचकीत शाळेत ते कोणालाच कळत नसेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काल घरी काहून नाही आनली?"

"व्हॅनवाले काका हॉर्न वाजवून राहिले होते. राहून गेली."

"बरं. घाबरू नको. जरा गर्दी हटू दे, मंग काढतो मी."

पण गर्दी हटायचं नाव घेत नव्हती. आज 'माय लॉकर, माय वर्ल्ड' नावाची स्पर्धा होती. पोरांनी आपापला लॉकर सजवायचा आणि पालकांनी थोडी मदत करायची, असं डायरीत लिहून आलं होतं. इथं पोरं भिंतीला टेकून चिप्स खात बसली होती आणि आईबाप लॉकरवर तुटून पडले होते. एका बापानं तर लग्नाचे हॉल सजवणारी दोन माणसंच आणली होती आणि कानाला फोन लावून तो त्यांना बोटानं "थोडा लेफ्ट, थोडा लेफ्ट" करत होता. दुसऱ्यानं थर्माकोलचं रॉकेट चिकटवून त्यात दिवे सोडले होते. त्याच्या पोरानं बटण दाबून पाहिलं, तर हातावर सण्णकन चापट बसली. एक मुलगी रडत होती. तिला पिवळा रंग हवा होता आणि तिची आई दातओठ खात तिला सांगत होती, "यलो आपल्या थीममध्ये बसत नाही, किती वेळा सांगू तुला?"

वामनरावांना किळस आली. राखेच्या गाळात कमरेएवढं उतरून त्यांनी पाईप मोकळे केले होते, तेव्हा आली नव्हती. इथं, आरशासारख्या फरशीवर, सेंटच्या घमघमाटात आली. पोरांसाठी म्हणून मांडलेला खेळ आणि पोरांनाच हात लावायची बंदी! शिकलीसवरली माणसं, घरी गाड्या-बंगले असलेली, आणि हातभर पत्र्याच्या दारासाठी घामाघूम झालेली. शेजारणीची रिबीन आपल्यापेक्षा रुंद तर नाही ना, हे तिरप्या डोळ्यांनी पाहणारी.

शेजारचा लॉकर नूपुर नावाच्या मुलीचा होता. तिची आई चारुलता गळ्यात रिबिनी टाकून आणि हातात ग्लू गन घेऊन सकाळी आठपासून तिथं उभी होती.

"आजोबा, तुमचं अजून काहीच नाही? बारा वाजता जज येतात."

"करतो ना बाई. घाई काय हाय."

"आणि आतूनपण मार्क्स आहेत हं. आतमध्ये कप्पे-बिप्पे लावलेत का?"

तेवढ्यात वर्गाच्या मयुरा टीचर टाळ्या वाजवत आल्या. "पेरेंट्स, सगळी दारं आता उघडी ठेवा प्लीज. आणि मंगळवारी ट्रस्टी येईपर्यंत मुलांनी आत काही ठेवायचं नाही, डेकोरेशन खराब होईल. पुस्तकं बॅगेतच राहू द्या."

"मंग लॉकर कायले आनले?" वामनरावांनी विचारलं.

टीचर नुसत्या हसल्या आणि पुढं गेल्या.

एकेक दार उघडू लागलं. आतून गुलाबी मखमल, आतून आरसे, एकात तर छोटं झुंबर. रजत आपल्या दाराला पाठ लावून तसाच उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. पिशवी काढून खिशात कोंबता येईल का, की सरळ पोराला घेऊन घरी जावं, असा विचार वामनराव करत होते, तोवर चारुलताबाईंच्या अंगात परोपकार संचारला.

"सरक ना बेटा. माझ्याकडे फ्रिल उरलीये, मी करून देते तुमचं. आजोबांना कुठे जमणार!"

"राहू द्या बाई, आमी करतो," वामनराव पुढं झाले.

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे."

तिनं रजतला खांद्याला धरून एखादी खुर्ची सरकवावी तसं बाजूला केलं आणि दार उघडलं.

रात्रभर कोंडलेला वास एकदम बाहेर आला. सेंटच्या घमघमाटात तो जास्तच उठून आला. चारुलताबाई दोन पावलं मागं सरकल्या, मग नाकाला ओढणी लावून त्यांनी काळी पिशवी दोन बोटांनी उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"शी! काय आहे हे? काही मेलंय का आत?"

सगळ्या माना वळल्या. मघापासून एकमेकांकडे न पाहणारे लोक झटकन एकत्र झाले. कोणीतरी फोन वर केला. "किसका लॉकर है?" असं कोणीतरी विचारलं आणि चार पोरांनी एका सुरात सांगितलं, "रजतचा." रजत जमिनीकडे पाहत होता. अजून एक क्षण गेला असता, तर त्याला रडू फुटलं असतं आणि मग कोणाला काही सांगायची गरजच उरली नसती.

"ते माहं हाय," वामनराव मोठ्यानं म्हणाले.

"म्हणजे?"

"माही पँट हाय त्याच्यात. येता येता रस्त्यातच झाली. म्हातारपन हाय, थांबत नाही मले. दुसरी संगं ठेवतोच, इथं येऊन बाथरूमात बदलली. पिशवी ठेवाले जागा नव्हती, म्हनून नातवाच्या लॉकरात ठेवली. चुकलं माहं."

एकाहत्तराव्या वर्षी वामनरावांना कसलाही त्रास नव्हता. आयुष्य राखेत गेलं म्हणून की काय, स्वच्छतेचं त्यांना वेड होतं. शर्ट इस्त्रीचा, पँटीत खोचलेला, नखं कापलेली. कट्ट्यावर बसून आपल्या लघवीच्या तक्रारी सांगणाऱ्या म्हाताऱ्यांजवळ ते बसतसुद्धा नसत. असल्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या असतात का, असं त्यांचं मत होतं.

चारुलताबाईंनी पिशवी टाकून दिली आणि सॅनिटायझरची अर्धी बाटली हातावर ओतली. "अहो, पण लहान मुलं आहेत इथं. इन्फेक्शन होतं."

"आजकल डायपर मिळतात, अंकल," रॉकेटवाला बाप समजुतीच्या सुरात म्हणाला. "लाजायचं नाही त्यात."

कोणीतरी सेंटचा फवारा मारला, तो थेट वामनरावांच्या शर्टावर आला. मयुरा टीचर लगबगीनं आल्या, पण हातभर अंतर ठेवून थांबल्या. "आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसता का? रजतचं आम्ही करून घेतो."

वामनरावांनी पिशवी उचलली आणि व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर जाऊन बसले. संतापानं त्यांचं डोकं ठणकत होतं. त्यांना त्या माणसांची किळस आली होती. त्यांच्या रिबिनींची, त्यांच्या गोड आवाजांची, कडी बसवायला सहा महिने न सापडणाऱ्या आणि झुंबर टांगायला अर्ध्या तासात सापडणाऱ्या हातांची. आणि स्वतःचीही आली. लॉकर कोणी उघडत नाही, असं पोराला आपणच सांगितलं होतं.

तिथून लॉकरांची रांग दिसत होती. नूपुर आणि दोन पोरं रजतजवळ गेली. नूपुरनं काहीतरी विचारलं. रजतनं मान डोलावली. मग एका पोरानं नाक दाबून तोंड वेंगाडलं, तशी सगळी हसली, आणि रजतनंही आपलं नाक दोन बोटांत धरलं आणि तो त्यांच्याबरोबर हसला.

वामनरावांना ते लागलं. फार लागलं. पोर सुटलं, हे त्यांना त्याच वेळी कळलं, पण लागायचं ते लागलंच.

फिनाईलची बादली घेऊन शाळेतल्या प्रयागबाई आल्या. लॉकरपुढची फरशी पुसायला त्यांना बोलावलं होतं. त्या वाटेत थांबल्या. "काकाजी, इथं नका बसू. येनारा-जानारा बोलते. मांगच्या नळावर चला."

मागं बागेच्या नळाजवळ वामनरावांनी गाठ सोडली. निळी अर्धी पँट, इलॅस्टिकची, वीतभर कमरेची. आणि एवढीशी चड्डी, तिच्यावर मोटारगाडीचं चित्र. प्रयागबाईंनी ती पाहिली, मग वामनरावांकडे पाहिलं.

"साबन देऊ?"

"द्या."

वामनराव उकिडवे बसून घासू लागले. सहा महिन्यांचा सराव होता. प्रयागबाईंनी बादली खाली ठेवली.

"कडीचं म्याबी सांगतलं होतं दोनदा," त्या म्हणाल्या. "आमचं कोन आयकते!"

मग त्या बादली उचलून निघाल्या.

धुऊन, पिळून झाल्यावर वामनराव नळ बंद करायला गेले, तर तो उलटा फिरला. पाण्याचा लोट उसळून त्यांच्या अंगावर आला आणि खाकी पँट पुढून गुडघ्यांपर्यंत भिजली. तेवढ्यात आत माईक खरखरला. सगळ्या पालकांनी ग्रुप फोटोसाठी आपापल्या पाल्याच्या लॉकरसमोर यावं, असं मयुरा टीचर सांगत होत्या.

कोपऱ्यावरून प्रयागबाईंनी मागं वळून पाहिलं. "काकाजी, पँट भिजली तुमची पुढून. घडीभर उनात उभे राहा, वाळते. तसेच नका जाऊ."

वामनरावांनी खाली पाहिलं. शर्ट बाहेर काढून डाग झाकावा म्हणून त्यांचा हात कमरेकडे गेला आणि तिथंच थांबला.

"असू द्या," ते म्हणाले. "बरंच झालं."

त्यांनी धुतलेले कपडे पुन्हा पिशवीत घातले, शर्ट नीट खोचला आणि ते आत गेले. रांग लागली होती. रजतच्या लॉकरवर चारुलताबाईंची उरलेली फ्रिल डोलत होती आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. वामनराव आले तसं बायांनी पोरांना हाताला धरून जवळ ओढलं. कोणी हसू दाबलं, कोणी दाबलंही नाही. चारुलताबाई फोटोपुरत्या आलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "पाहिलंस? पुन्हा!"

रजतनं वळून पाहिलं. आजोबांच्या ओल्या पँटकडे पाहता पाहता त्याचा चेहरा वाकडा झाला, डोळे भरून आले आणि सगळं सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

वामनरावांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली. नाही म्हणून. रजतनं तोंड मिटलं.

"आजोबा, तुम्ही मागच्या रांगेत घ्या," फोटोवाला म्हणाला. "पँट दिसून राहिली."

वामनराव मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि फोटोवाल्यानं सांगितलं तेव्हा बाकीच्यांसारखेच हसले.